विश्लेषण : कुत्र्याला कच्चे हाड द्यावे का? धोका नेमका कुठे, काळजी कोणती?

‘शिजवलेले हाड देऊ नका, कच्चे द्या’ हा सल्ला श्वानप्रेमींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपासून इन्स्टाग्राम रीलपर्यंत सगळीकडे फिरतो. त्याचा पहिला भाग बरोबर आहे. दुसऱ्या भागाला मात्र बऱ्याच अटी लागू होतात आणि रीलमध्ये त्या सहसा सांगितल्या जात नाहीत. शिजल्यावर हाडात काय बदलते, कच्च्या हाडातून कुत्र्याला आणि घरातील माणसांना काय धोका संभवतो आणि तरीही हाड द्यायचेच असेल तर काय पाळावे, याचा आढावा.

चर्चा आताच का?

कारणे तीन आहेत. पहिले बाजारातील. पूर्वी कुत्र्यासाठी हाडे आणायची तर खाटकाकडे शब्द टाकावा लागे. आता मोठ्या शहरांत गोठवलेल्या चिकन माना, पाय आणि हाडांची पाकिटे अॅपवरून घरपोच येतात. दुसरे कारण बर्ड फ्लूचे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. त्यांना एच५एन१ विषाणूची लागण झाल्याचे भोपाळच्या प्रयोगशाळेतील तपासणीतून स्पष्ट झाले आणि मांसाहारी प्राण्यांच्या कच्च्या खाद्याचा प्रश्न ऐरणीवर आला. तिसरे कारण भटक्या कुत्र्यांचे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावर कुठेही खाऊ घालण्यास मनाई करून प्रत्येक प्रभागात त्यासाठी ठरावीक जागा नेमण्यास सांगितले. त्यामुळे कुत्र्यांना ‘कुठे’ खाऊ घालायचे यावर भरपूर चर्चा झाली. ‘काय’ खाऊ घालायचे, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

कच्च्या हाडांचा आग्रह आला कुठून?

आजच्या ‘रॉ फीडिंग’चे मूळ ऑस्ट्रेलियात सापडते. तेथील पशुवैद्यक इयान बिलिंगहर्स्ट यांचे ‘गिव्ह युअर डॉग अ बोन’ हे पुस्तक १९९३ मध्ये आले. कुत्रा हा लांडग्याचा वंशज असल्याने त्याचा आहारही मांस, हाडे आणि अवयव असाच असावा, ही त्यामागची भूमिका. ‘बार्फ’ या नावाने हा आहार जगभर पोहोचला.

मात्र ‘कुत्रा म्हणजे लांडगाच’ हे समीकरण पूर्णपणे खरे नाही. २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात स्वीडनमधील संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराशी संबंधित जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्याच्या तुलनेत कितीतरी अधिक असल्याचे त्यात दिसले. माणसाबरोबर हजारो वर्षे राहून कुत्रा भात-भाकरीही पचवायला शिकला. शिवाय जंगलातला लांडगा हाडे खातो आणि कधी कधी त्यानेच मरतोही. त्याची नोंद कोणी ठेवत नाही, एवढेच.

शिजवलेले हाड जास्त धोकादायक का?

बांधकामाच्या भाषेत सांगायचे तर हाड हे आरसीसीसारखे आहे. काँक्रीट दाब सहन करते, आतील सळई ताण सहन करते. हाडात काँक्रीटचे काम कॅल्शियम आणि फॉस्फरसचे खनिज करते, तर सळईचे काम कोलॅजन हे प्रथिन. वजनाने साधारण दोन तृतीयांश भाग खनिज असते. उरलेल्या भागात मुख्यतः कोलॅजन आणि पाणी. ताजे हाड किंचित वाकते आणि ताण शोषून घेते, ते या कोलॅजन आणि पाण्यामुळे.

हाड शिजवले, भाजले किंवा तळले की कोलॅजनची रचना मोडते आणि पाणी निघून जाते. म्हणजे सळई काढून घेतलेले काँक्रीट उरते. असे हाड चावल्यावर दबत नाही, तडकते आणि त्याचे टोकदार तुकडे होतात. तंदुरी, बार्बेक्यू आणि तळलेल्या चिकनची हाडे यात सर्वांत वाईट, कारण कोरड्या उष्णतेने ती अधिक ठिसूळ होतात.

महाराष्ट्रातील घरांत प्रत्यक्षात जास्त आढळणारा धोका हाच आहे. कच्च्या आहारावर असलेल्या कुत्र्यांपेक्षा रविवारच्या रश्श्यातील हाडे ताटातून थेट मिळणारी कुत्री कितीतरी जास्त. त्या हाडांना कांदा-लसणाचे वाटण लागलेले असते ते वेगळेच. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात आणि पुरेशा प्रमाणात पोटात गेल्यास रक्तक्षय होतो. ‘कुकरला लावलेले हाड मऊ असते, ते चालते’ असेही म्हटले जाते. खूप वेळ दाबाखाली शिजवल्यावर कोंबडीचे हाड बोटाने चुरडता येते, हे खरे. पण रोजच्या स्वयंपाकातील तीन-चार शिट्ट्यांत तसे होत नाही, मटणाच्या नळीचे तर नाहीच.

दुकानातील भाजलेली किंवा धुरी दिलेली ‘बोन ट्रीट’ही यातून सुटत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे, नोव्हेंबर २०१० ते सप्टेंबर २०१७ या काळात अशा प्रक्रिया केलेल्या हाडांबाबत सुमारे ६८ तक्रारी आल्या. त्यात सुमारे ९० कुत्र्यांना त्रास झाला आणि सुमारे १५ कुत्री दगावल्याचे सांगण्यात आले. घशात किंवा आतड्यात अडथळा, तोंडात जखमा, उलट्या, जुलाब आणि गुदद्वारातून रक्तस्राव असे प्रकार त्यात होते.

मग कच्चे हाड सुरक्षित म्हणायचे का?

शिजवलेल्या हाडापेक्षा ते कमी तडकते, इतकेच म्हणता येईल. धोका तीन ठिकाणी राहतो.

पहिला धोका दातांना. प्रौढ कुत्र्याला ४२ दात असतात. त्यातील वरच्या जबड्यातील मोठी कातरणारी दाढ कठीण हाड चावताना उभी चिरते आणि तिचा पापुद्रा निघतो. आतील नस उघडी पडली की वेदना, पू आणि शेवटी दात काढणे किंवा रूट कॅनाल. वजन पेलणारी हाडे, म्हणजे म्हैस-रेड्याच्या पायाची नळी, दाताच्या दृष्टीने सर्वांत वाईट. अनेक पशुवैद्यक एक सोपी कसोटी सांगतात : ज्या वस्तूवर नखाने दाबले तर जराही खूण उठत नाही, ती कुत्र्याच्या दातांसाठी जास्त कठीण.

दुसरा धोका अडकण्याचा. कुत्र्यांच्या अन्ननलिकेत अडकलेल्या वस्तूंत हाडांचे प्रमाण मोठे असते आणि लहान जातींमध्ये ही तक्रार अधिक आढळते. नळीचा आडवा कापलेला गोल तुकडा वेगळाच त्रास देतो. आतील मगज चाटताना तो खालच्या जबड्यावर सुळ्यांच्या मागे चढतो आणि निघत नाही. मग कुत्र्याला भूल देऊन तो कापावा लागतो.

तिसरा धोका पचनाचा. हाड जास्त झाले की विष्ठा पांढरी, खडूसारखी कोरडी होते आणि बद्धकोष्ठता होते. कधी कधी मोठ्या आतड्यात हाडाच्या चुऱ्याचा गोळा बसतो आणि एनिमा द्यावा लागतो. मगजातील चरबीने काही कुत्र्यांना जुलाब होतात, तर ज्यांचा स्वादुपिंड नाजूक आहे त्यांना त्याला सूज येऊ शकते.

फायदा काहीच नाही का?

आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. ब्राझीलमधील संशोधकांनी २०१६ मध्ये बीगल जातीच्या कुत्र्यांना कच्ची हाडे देऊन दातांवरील किटण मोजले. दोन आठवड्यांच्या आतच ते ठळकपणे कमी झाले आणि त्या काळात एकाही कुत्र्याचा दात तुटला नाही की आतडे अडले नाही. पण हा प्रयोग मोजक्याच कुत्र्यांवर, थोडे दिवस आणि देखरेखीखाली झाला होता. वर्षानुवर्षे घरी हाडे चघळणाऱ्या हजारो कुत्र्यांत काय घडेल, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

दुसरा फायदा कॅल्शियमचा. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. ‘फक्त चिकन-भात’ खाणाऱ्या पिल्लांची हाडे त्यामुळे मऊ पडतात, पाय वाकतात. हाडातील कॅल्शियम-फॉस्फरसचे प्रमाण साधारण २ : १ असल्याने ही उणीव भरून निघू शकते. पण किती हाडाने, याचा अंदाज डोळ्यांनी करता येत नाही. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, लॅब्राडॉर अशा मोठ्या जातींच्या पिल्लांत जादा कॅल्शियमही तितकेच घातक ठरते. लहान वयात त्यांचे शरीर कॅल्शियम शोषून घेणे पुरेसे रोखू शकत नाही आणि हाडांची वाढ बिघडते.

तिसरा फायदा विरंगुळ्याचा. फ्लॅटमध्ये दिवसभर एकट्या असणाऱ्या कुत्र्यासाठी चावण्याचे काम ही खरी गरज आहे. नाही तर सोफा आणि चपला आहेतच. प्रश्न एवढाच की ती गरज हाडानेच भागवायची का.

जंतूंचा धोका कुत्र्याला की माणसाला?

‘कुत्र्याच्या जठरातील आम्ल तीव्र असते, त्याला काही होत नाही’, हा कच्च्या आहाराच्या समर्थकांचा मुख्य युक्तिवाद. त्यात तथ्य आहे, पण गोष्ट तिथे संपत नाही. कॅनडात २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साल्मोनेला असलेले कच्चे खाद्य १६ कुत्र्यांना एकदाच देण्यात आले. त्यातील सात कुत्र्यांच्या विष्ठेतून पुढे एक ते सात दिवस साल्मोनेला बाहेर पडत राहिला. एकही कुत्रा आजारी दिसला नाही. म्हणजे कुत्रा ठणठणीत आणि जंतू घरभर. तोच कुत्रा बाळाचे तोंड चाटतो, आजोबांच्या गादीवर झोपतो.

कच्च्या खाद्यात हे जंतू असतात का, याच्याही तपासण्या झाल्या आहेत. एफडीएच्या ऑक्टोबर २०१० ते जुलै २०१२ या काळातील पाहणीत कच्च्या पाळीव-प्राणी खाद्याचे १९६ नमुने तपासले गेले. त्यांपैकी १५ नमुन्यांत साल्मोनेला, तर ३२ मध्ये लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस आढळला. नेदरलँड्समध्ये २०१८ मध्ये आठ ब्रँडची ३५ गोठवलेली कच्ची खाद्ये तपासली गेली. १९ मध्ये लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस, सातमध्ये साल्मोनेला, तर २८ खाद्यांत प्रतिजैविकांना दाद न देणारे ई. कोलाय सापडले. इंग्लंडमध्ये २०१७ साली ई. कोलाय ओ१५७ च्या उद्रेकात चार जणांना लागण झाली, त्यातील एकाचा मृत्यू झाला आणि तपासाचा माग कुत्र्यांच्या कच्च्या खाद्यापर्यंत गेला.

प्रतिजैविकांचा मुद्दा भारतासाठी अधिक गंभीर आहे. ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ६०० निरोगी पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कच्चे मांस खाणाऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेत औषधांना न जुमानणारे ई. कोलाय असण्याचा संबंध त्यात ठळकपणे दिसला. आपल्याकडे कोंबड्यांच्या संगोपनात प्रतिजैविकांचा वापर हा आधीच चिंतेचा विषय आहे.

याच कारणांमुळे अमेरिकी पशुवैद्यकांच्या संघटनेने, एव्हीएमएने, २०१२ मध्ये कुत्र्या-मांजरांना जंतुनाशक प्रक्रिया न केलेले कच्चे प्राणिजन्य अन्न देऊ नये, अशी भूमिका घेतली.

पुण्यातील ‘जीबीएस’शी याचा काय संबंध?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिलेन बारे सिंड्रोमचा, म्हणजे जीबीएसचा, उद्रेक झाला. रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि दूषित पाण्यावर लक्ष केंद्रित झाले. या जिवाणूचा संसर्ग झाल्यावर काही जणांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते आणि हातापायांतील शक्ती जाते. या उद्रेकाचा पाळीव कुत्र्यांशी संबंध नव्हता, हे स्पष्ट करायला हवे.

पण तोच जिवाणू कच्च्या कोंबडीतही सर्रास असतो, आणि कुत्र्यांनाही जीबीएससारखा आजार होतो. मागच्या पायांपासून सुरू होणारा लकवा, भुंकण्याचा बदललेला आवाज आणि मग चारही पाय लुळे. मेलबर्न विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २०१८ मध्ये असा आजार झालेल्या २७ आणि न झालेल्या ४७ कुत्र्यांची तुलना केली. लक्षणे दिसल्यापासून सात दिवसांत नमुने घेतलेल्या आजारी कुत्र्यांत कॅम्पायलोबॅक्टर आढळण्याची शक्यता इतरांच्या ९.४ पट होती आणि कच्चे चिकन खाण्याशी आजाराचा थेट संबंध दिसला. ऑस्ट्रेलियात कुत्र्यांना कच्च्या चिकन माना देण्याची पद्धत आहे. आपल्याकडील पाकिटांतही मानाच असतात. बहुतेक कुत्री बरी होतात, पण त्याला काही महिने लागू शकतात आणि तोवर त्यांना उचलून, कूस बदलून सांभाळावे लागते. काही दगावतात.

बर्ड फ्लूचे काय?

गोरेवाड्यातील वाघांना लागण नेमकी कशी झाली, याची चर्चा सुरू झाली तेव्हा पहिला संशय खाद्याकडेच गेला. २०२५ च्या सुरुवातीलाच मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे पाळीव मांजरांत एच५एन१ आढळला. लातूर जिल्ह्यातील उदगीरमध्ये कावळे मेले, रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात कोंबड्यांना लागण झाली. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात डिसेंबर २०२४ मध्ये टर्कीचे गोठवलेले कच्चे खाद्य खाल्लेले एक घरगुती मांजर दगावले. मांजरातील आणि खाद्यातील विषाणू जनुकीयदृष्ट्या जुळल्याने ते खाद्य बाजारातून परत मागवण्यात आले.

मांजरकुळाच्या तुलनेत कुत्र्यांना या विषाणूचा त्रास कमी दिसतो, पण ती सुरक्षित नाहीत. कॅनडातील ओंटारिओमध्ये २०२३ मध्ये मेलेला रानहंस चघळलेला कुत्रा एच५एन१ ने दगावला. मांस व्यवस्थित शिजवले की हा विषाणू मरतो. त्यामुळे जवळपास बर्ड फ्लूची बातमी असेल त्या काळात कच्ची कोंबडी, तिची हाडे, पाय, माना पूर्ण बंद, हा नियम सरळ आहे. घरात मांजर असेल तर तो अधिकच कडक.

फ्रीजरमध्ये ठेवले की जंतू मरत नाहीत का?

नाही. गोठवल्याने काही परजीवी मरतात. साल्मोनेला, लिस्टेरियासारखे जिवाणू फक्त थांबतात आणि बर्फ वितळला की पुन्हा वाढू लागतात. हळद, मीठ, दही, लिंबू किंवा व्हिनेगर लावून हाड निर्जंतुक होत नाही. उकळते पाणी वरून ओतल्यानेही पृष्ठभागापलीकडे भरवसा नाही. परदेशातील काही उत्पादक प्रचंड दाबाची प्रक्रिया वापरतात. तिथे दाब साधारण ६०० मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सहा हजार पट असतो. ते काम घरच्या फ्रीजरचे नव्हे.

मटणाच्या दुकानातील ‘कुत्र्यासाठी’ पिशवी किती सुरक्षित?

खाटकाकडून मिळणाऱ्या या पिशवीत हाडांबरोबर बऱ्याचदा फुप्फुस, कलेजीचे टाकाऊ तुकडे आणि वजडी असते. खरा धोका तिथे आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या यकृतात आणि फुप्फुसात पाण्याने भरलेल्या फोडांच्या रूपात एकिनोकॉकस या फीतकृमीची अवस्था असू शकते. कुत्र्याने ते कच्चे खाल्ले की कृमी त्याच्या आतड्यात वाढतो आणि अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती हाताने, भाजीतून माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या यकृतात-फुप्फुसात तसेच फोड, म्हणजे हायडॅटिड रोग होतो. तो वर्षानुवर्षे कळतही नाही आणि अनेकदा शस्त्रक्रियेवर जातो. भारतात हा रोग आजही आढळतो. म्हणून पिशवीतील अवयव कच्चे अजिबात देऊ नयेत आणि पशुवैद्यकाच्या वेळापत्रकाप्रमाणे जंतनाशक चुकवू नये.

आणखी एक स्थानिक बाब. परदेशी व्हिडीओंत ‘बीफ बोन’ सुचवलेले असते. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी असल्याने येथे कायदेशीररीत्या मिळते ते म्हैस-रेड्याचे हाड. ते जाड आणि कठीण असते, त्यामुळे दाताचा धोका वाढतो. शेळी-बोकडाची हाडे लहान असतात, त्यामुळे दात वाचतात, पण मोठ्या कुत्र्याने ती गिळण्याचा धोका वाढतो.

पाकीटबंद हाडांवर कोणाची देखरेख असते?

अन्नसुरक्षा कायद्यातील ‘अन्न’ या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. त्यामुळे माणसांच्या अन्नावर एफएसएसएआयची जशी नजर असते, तशी कुत्र्याच्या खाद्यावर असेलच असे नाही. कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे मानक आहे, पण पाकिटावरील ‘ह्युमन ग्रेड’ हे शब्द म्हणजे सरकारी शिक्का नव्हे. खरेदी करताना पॅकिंगची तारीख, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, साठवणुकीचे तापमान पाहावे. घरी आले तेव्हा पाकीट कडक गोठलेले नसेल, आत गोठलेले रक्त-पाणी तळाशी एकाच बाजूला साचलेले दिसत असेल, तर ते वाटेत एकदा वितळले असण्याची शक्यता आहे. ते परत करावे.

तरीही द्यायचेच असेल तर काय पाळावे?

पूर्णपणे सुरक्षित असे हाड नाही. पशुवैद्यकाशी बोलून, कुत्र्याचे दात तपासून घेऊन द्यायचेच ठरवले, तर धोका कमी करणाऱ्या गोष्टी अशा :

• आकार : हाड कुत्र्याच्या तोंडाच्या लांबीपेक्षा मोठे हवे, म्हणजे ते अख्खे गिळता येणार नाही. चघळून लहान झाले की काढून घ्यावे.
• प्रकार : पायाची नळी आणि तिचे गोल तुकडे टाळावेत. मऊ, जाळीदार टोकांची आणि मांस-कुर्चा लागलेली हाडे त्या मानाने बरी. डुकराचे कच्चे मांस व हाडे नकोत.
• वेळ : कुत्रा कडकडून भुकेला असताना देऊ नये, तो तोडून गिळतो. जेवणानंतर १० ते १५ मिनिटे, तीही माणूस समोर बसलेला असताना. हाड देऊन ऑफिसला जाणे हा सर्वांत मोठा धोका.
• वारंवारता : रोज नको. हाड हा आहार नव्हे, अधूनमधून चघळायची वस्तू आहे. विष्ठा पांढरी-कोरडी दिसली की बंद.
• जागा : धुता येणारी फरशी, बाल्कनी किंवा अंगण. गादी, सोफा, गालिचा नको. दोन कुत्री असतील तर वेगवेगळ्या खोल्यांत. हाडावरून एरवी मवाळ कुत्राही चावतो.
• मुले : हाड चघळणाऱ्या कुत्र्याजवळ लहान मुलांना जाऊ देऊ नये. हाड हिसकावू नये, दुसरा आवडता खाऊ दाखवून बदल्यात घ्यावे.
• साठवण : फ्रीजरमध्ये वेगळ्या डब्यात. वितळवणे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ओट्यावर नाही. आपल्याकडील उन्हाळ्यात कच्चे हाड तासाभरापेक्षा अधिक बाहेर राहू नये. उरलेले पुन्हा वापरू नये.
• स्वच्छता : वेगळी सुरी, वेगळे ताट. हात साबणाने २० सेकंद. फरशी आधी साबणाने, मग जंतुनाशकाने. खाल्ल्यावर काही वेळ कुत्र्याला तोंड चाटू देऊ नये आणि विष्ठा लगेच उचलावी.

कोणत्या घरात, कोणत्या कुत्र्याला अजिबात नको?

घरात पाच वर्षांखालील मूल, गर्भवती, वयोवृद्ध, केमोथेरपी सुरू असलेला किंवा अवयव प्रत्यारोपण झालेला रुग्ण असेल, तर कच्चे हाड घरात आणूच नये. येथे ‘काळजी घेऊन’ हा पर्याय पुरेसा नाही. लिस्टेरिया गर्भवतीसाठी, तर साल्मोनेला लहान मुलांसाठी विशेष घातक ठरतो.

कुत्र्यांमध्ये पग, शिह त्झूसारख्या लहान आणि चपट्या तोंडाच्या जाती, दुधाचे दात असलेली पिल्ले, हलते किंवा झिजलेले दात असलेली म्हातारी कुत्री, स्वादुपिंड-मूत्रपिंडाचे आजार असलेली, स्टेरॉइड सुरू असलेली आणि आधी एकदा काही अडकलेली कुत्री यांना हाड नको. न चावता गिळण्याची सवय असलेल्या कुत्र्यालाही नको. अनेक लॅब्राडॉर पालक येथे मान डोलावतील.

भटक्या कुत्र्यांना हाडे घालावीत का?

२०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी खाऊ घालण्याच्या जागा ठरवण्याची जबाबदारी निवासी सोसायट्या व स्थानिक संस्थांवर टाकली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तिला अधिक वजन आले. या जागांवर हाडे टाकणे तीन कारणांनी चुकीचे आहे. एक, भात किंवा कोरडे खाद्य तिथेच खाऊन संपते. हाड मात्र कुत्रा उचलून नेतो आणि ते जिन्यात, पार्किंगमध्ये, मुलांच्या खेळण्याच्या जागेत पोहोचते. दोन, हाडावरून कुत्र्यांत भांडणे होतात आणि मध्ये आलेल्या माणसाला चावा बसतो. तीन, गळ्यात हाड अडकलेल्या भटक्या कुत्र्याला दवाखान्यात नेणारे कोणी नसते. चिकन-मटण दुकानांचा कचरा उघड्यावर पडणे हे यामागचे मोठे कारण आहे. तो वेळेवर उचलला गेला नाही, तर खाऊ घालण्याच्या जागा ठरवूनही उपयोग मर्यादितच राहील.

हाड अडकले तर पहिल्या तासात काय करावे?

सतत लाळ गळणे, घोटण्याचा प्रयत्न, मान ताणणे, पंजाने तोंड ओरबाडणे, खाल्लेले लगेच बाहेर येणे ही अन्ननलिकेत अडकल्याची लक्षणे. वारंवार उलट्या, फुगलेले किंवा दुखरे पोट, विष्ठा न होणे, काळी किंवा रक्तमिश्रित विष्ठा ही पुढे अडकल्याची किंवा जखमेची. अशा वेळी भात, केळे, ब्रेड किंवा तेल देऊन हाड ‘खाली ढकलण्याचा’ प्रयत्न करू नये. मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये, कारण टोकदार तुकडा वर येताना अन्ननलिका फाडू शकतो. अडकलेले हाड अन्ननलिकेच्या भिंतीवर दाब देत राहते, रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत तिथे छिद्र पडू शकते. ‘सकाळपर्यंत बघू’ हा निर्णय महागात पडतो.

हाड बहुधा क्ष-किरणात दिसते. दुर्बिणीने ते काढण्याची सोय मात्र मोठ्या शहरांतील मोजक्याच केंद्रांत आहे. त्यामुळे आपल्या भागात रात्री सुरू असणारा पशुवैद्यकीय दवाखाना कोणता आणि एंडोस्कोपी कुठे होते, ही माहिती हाड आणण्याआधी फोनमध्ये साठवलेली असावी. सोबत हाड कोणते, किती मोठे आणि किती वाजता खाल्ले, हे डॉक्टरांना सांगता आले पाहिजे.

हाडाला पर्याय काय?

हाडामागच्या तिन्ही गरजा वेगवेगळ्या भागवता येतात. दातांसाठी कुत्र्यांच्या टूथपेस्टने ब्रश करणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. माणसांची पेस्ट चालत नाही, कारण कुत्रा ती गिळतो आणि काही पेस्टमधील झायलिटॉल कुत्र्यासाठी विषारी असते. चावण्याच्या विरंगुळ्यासाठी आत खाऊ भरता येणारी, नखाने दबणारी रबरी खेळणी मिळतात. कॅल्शियमसाठी घरगुती आहारात अंड्याच्या टरफलाचे बारीक चूर्ण किंवा पूरक औषध वापरता येते, मात्र प्रमाण पशुवैद्यकाने कुत्र्याच्या वजन व वयाप्रमाणे ठरवलेले असावे. चवीसाठी कांदा, लसूण, मीठ, मसाला न घालता हाडे उकळून काढलेला रस्सा गाळून, वरची चरबी काढून भातावर घालता येतो. उरलेली हाडे मात्र घट्ट झाकणाच्या कचऱ्याच्या डब्यात जावीत. उघड्या डब्यातून ती बाहेर काढणे कुत्र्याला अवघड नसते.

बहुतेक मराठी घरांत आजपासून करता येईल असा बदल त्याहून साधा आहे. कच्चे हाड द्यायचे की नाही, हा निर्णय पशुवैद्यकाशी बोलून निवांत घेता येईल. ताटातील शिजलेले हाड देणे मात्र आजच्या जेवणापासून थांबवायला हवे आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांनाही ते सांगायला हवे.